एका घोटाची साक्ष

शव्वाल ८

पाणीवाल्याने आज पुन्हा हाज्जा म्हटलं. गाढव थांबायच्या आधी याची हाक — "हाज्जा, पिंपाचं झाकण काढ!" म्हटलं, हाज्जा असेल तुझी आजी. हजला जाऊन आलेली बाई हाज्जा. मी गेलेय का? तो दात काढतो. या पोर्ट सुदानात केस पिकले की बाई हाज्जा, त्यांना त्यात काही वाटत नाही. मला वाटतं. बावीस वर्षं वाटतंय!

बंदराच्या फाटकापाशी वडे विकून झाले तशी मालम इदींकडे गेले. पश्चिमेकडून हजला निघालेले आम्ही हौसा इथेच वस्ती करून राहिलो; मशिदीचे हे गुरुजीच वस्तीतली हजची नावं लिहितात. बोट पुढच्या महिन्यात, जिल्कादच्या एकवीसला आहे. म्हटलं, यंदा तरी लिहा. "बरोबर कोण?" — दर वर्षी तेच. म्हटलं, कढई आणते बरोबर. हसले नाहीत. "नवरा, भाऊ, मुलगा. यांतला एक आण तबावा. पेन माझ्या हातातच आहे."

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा येतानाच्या वाटेवर, जिनेनाच्या अलीकडे पुरला. दोन वर्षांचा होता. भाऊ नव्हताच. बोटीचं भाडं साठवून ठेवलंय, कफनाचं कापड पेटीत आहे. पुरुष तेवढा नाही. समुद्र रोज दिसतो. पलीकडे जिद्दा. बोटीला म्हणे एक दिवसही लागत नाही धड. तेवढ्यासाठी मी इथे बसून वडे तळतेय.

शव्वाल १०

उकाडा. बायकांच्या साक्षरता वर्गातली मास्तरीण म्हणते रोज चार ओळी लिही, नाहीतर अक्षरं पळून जातील. काय लिहू? शेळीशी भांडले. दिवसभरात तेवढंच बोलणं झालं.

शव्वाल १३

आगगाडीने आमच्या मुलखातले सात जण आले. हजचे. पाय बघावेत एकेकाचे — सुकलेल्या ओढ्यासारख्या भेगा. मालमनी मशिदीच्या ओसरीवर उतरवले आणि घरं वाटून दिली, कोण कोणाला जेवू घालणार. माझ्या वाट्याला एकच. बाईमाणसाचं एकटीचं घर, म्हणून तो कुंपणाच्या चटईबाहेर बसला आणि मी आतून थाळी सरकवली.

एक घास खाऊन म्हणतो, "मीठ आहे का?"

म्हटलं, "आहे की. समुद्रात. जा, घेऊन ये."

तो खरंच उठला! "कुठल्या बाजूला आहे? मी अजून पाहिला नाही. आधी जेवू की आधी जाऊ?"

असला माणूस! मीठ दिलं. मग विचारलं, कुठला. म्हणाला, गिदान राफी.

झारा हातातून पडला. माझं गाव! बावीस वर्षांत माझ्या गावचं कोणी आलं नव्हतं. कानो, झारिया, सोकोतो, सगळे येतात, गिदान राफीचं कोण येणार, तिथे आहेत किती घरं. म्हटलं, कोणाचा तू? "कोणाचाच नाही. बराऊ." आधीची सगळी भावंडं जातात आणि एक उरतो, त्याला आमच्यात बराऊ म्हणतात. म्हटलं, मी हौवाची तबावा, नाल्यापलीकडचं घर. त्याला आठवेना, मलाही तो आठवेना. सातव्या वर्षीच कुराण शिकायला दुसऱ्या गावी धाडलं होतं त्याला, मग तो परत गेलाच नाही. बाप तेवढ्यात गेला.

मग चटईपलीकडून जरा वेळाने आवाज आला, "एक विचारू? तिथे एक गोरखचिंच होती का? मधोमध फाटलेली? मला कायम वाटतं मी ती स्वप्नात पाहिली."

म्हटलं, "होती. वीज पडली होती तिच्यावर. पावसात आत शेळ्या बसायच्या."

 त्याने थाळी चाटूनपुसून परत केली.

शव्वाल १४

बराऊ समुद्र बघून आला. म्हटलं, कसा वाटला? "फार मोठा आहे. उगीचच." टोपीतून मीठ घेऊन आलाय, मिठागरातून. कालच्याचं परत म्हणे!

शव्वाल १९

तो टोप्या भरतो. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, बारीक टाका. वाटभर हेच करत आलाय. मैदुगुरीहून ट्रकने, अबेशेला सहा महिने आजारी, पुढे चालत, न्यालात एक वर्ष टोप्या, मग गाडी. सगळी मिळून चार वर्षं. म्हटलं, बायको? "अबेशेलाच राहिली. म्हणाली, तू बरा होईपर्यंत मी म्हातारी होईन. तिथला एक खाटीक तिला बरा दिसला." आणि हसला. मी असते तर खाटकाला सुऱ्यासकट हाकलला असता. तसं म्हटलंही. तर म्हणतो, "तू असतीस तर मी आजारीच पडलो नसतो. हिंमत झाली नसती."

त्याला ओसरीवर सावली पुरत नाही, म्हणून माझ्या निंबाखाली येऊन बसतो. झाड कुंपणाच्या आत, सावली बाहेर. त्यात काय एवढं! पण शेजारच्या जुम्माईला दिसलं. पाणी मागायला आली, घागर भरलेलीच. म्हणते, "तबावा, तुझ्या सावलीला फळ लागलंय गं."

म्हटलं, "तुझ्या जिभेला लागलंय. झड म्हणावं."

हिला दोनदा तलाक मिळालाय आणि दोन्ही वेळा तोंडापायी.

शव्वाल २२

आज तो आला नाही. मालमनी नावं आणि कागद करायला नेलं सगळ्यांना. चवळी निवडत बसले. दोनदा वाटलं चटईबाहेर कोणी खोकलं. शेळी होती.

घर इतकं गप्प आहे हे मला आधी कळलंच नव्हतं. आमचे ते गेले तेव्हा रडले, पण मग सवय झाली. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आमच्यात घेत नाहीत, वहीतही लिहिणार नाही. कापसाच्या गासड्या उचलायचे बंदरात. बोलायचे कमी. तेही म्हणायचे पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ. एक दिवस गासडीखालीच... जाऊ दे.

आज आठवायला गेले तर त्यांचा आवाज आठवेना. खोकला आठवतो.

शव्वाल २५

मालम इदी स्वतः आले. दारातून हाक देऊन बाहेरच उभे. रुमालात कोलाच्या बिया. दोनच. सुकून सुरकुतल्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यालापासून जपत आणलेल्या. मागणीच की ही! मी विचारलं, "कोणाकडून?" माहीत होतं तरी.

"टोपीवाल्याकडून. म्हणतो, मला बोलणी करता येत नाहीत, टोप्या करता येतात. लग्न झालं की नवरा बरोबर म्हणून तुझं नाव लिहितो. झालं की नाही तुझं काम?"

म्हणजे तो माझ्या बोटीवर दया करतोय? मी चटईपर्यंत गेले. तो बसला होता तिथेच, दोरा ओवत. म्हटलं, "बोटीसाठी उपकार करतोस का रे?"

वर पाहिलंच नाही. "बोटीत मी एकटाही जाईन. बोटीहून परत आल्यावरचं विचारतोय."

मी आत आले. हात धुतले. वाळलेले असताना परत धुतले.

शव्वाल २६

एक बी खाल्ली. कडू. म्हणजे हो.

खरं लिहायचं तर, खाताना बोट मनात आली नाही. आता आठवली. इतकी वर्षं जी गोष्ट सोडून दुसरं काही मनात नव्हतं तीच विसरले! अल्ला माफ करो.

शव्वाल २८

निळं कापड घेतलं. जुम्माईने विचारलं कशाला, म्हटलं शेळीला.

शव्वाल २९

लग्न ठरवायला मालमकडे गेलो. तो पुरुषांच्या बाजूला, मी पडद्यामागे. सगळं बरं चाललं होतं. मालम विचारायचं म्हणून विचारतात तसं म्हणाले, "दोघं एकाच गावचे. वयही एकच. दूध कोणाकोणाचं प्यायलात?"

मी म्हटलं, आईचं, आणखी कोणाचं!

 बराऊ म्हणाला, "माझी आई मी चाळीस दिवसांचा असताना गेली. बाप म्हणायचा, गावातल्या बायकांनी वाचवला. कोण बायका ते मला माहीत नाही."

मालमनी पेन खाली ठेवलं. मला पडद्यातून दिसलं.

माझी आई तेव्हा मला पाजत असणार! गावात अंगावर पाजणाऱ्या असून असून किती असतील? मालम म्हणाले, एक घोट पुरे. तुझ्या आईचा एक घोट जरी याच्या पोटात गेला असेल तर हा तुझा दूधभाऊ. मग लग्न हराम. पण भाऊ म्हणून याच्याबरोबर हजला जाता येईल. नसेल गेला तर लग्न करा आणि नवरा-बायको म्हणून जा. आणि काहीच कळलं नाही तर यातलं काहीही नाही — लग्नही नाही, बोटही नाही.

"पन्नास वर्षांपूर्वीचा घोट मी आता कुठून शोधू?"

"सेहेचाळीस," बराऊ म्हणाला. याला मोजायचं सुचतं!

मालम म्हणाले सुवाकिनला इन्ना अयाशे आहे. आंधळी. तिकडच्या गावांमधून सुईण होती, पायी आली होती तिच्या काळात. गिदान राफी तिला माहीत असेल. तिची साक्ष चालते.

जिल्काद १

दोन दिवस तो सावलीत आला नाही. बरोबरच आहे. आता बसायचं तरी काय म्हणून?

थाळी ओसरीवर धाडली. मीठ जास्त झालं होतं. तरी रिकामीच परत आली.

जिल्काद ३

झोप नाही. आईला आठवतेय. काही नाही आठवत. मी पाजायचं पोर होते, काय आठवणार! आई कोणाला नाही म्हणायची नाही, एवढं ठाऊक आहे. भीक मागणाऱ्याला स्वतःच्या ताटातलं द्यायची. मग रडणारं पोर समोर आणलं तर...

नको. उद्या सुवाकिन.

जिल्काद ४

मिठाच्या पोत्यांवर बसून ट्रकने गेले. वाटभर एकच — नाही म्हण म्हातारे. नाही म्हण. तुझ्या पाया पडते. हजच्या वाटेवरची बाई मी, आणि मागणं काय मागतेय! पण मागितलं. वहीशी खोटं कशाला बोलू.

पडक्या पांढऱ्या घरांच्या मागे खोपटी. वर घारी फिरत होत्या. इन्ना दोरीच्या बाजेवर. अंगाला लवंगांचा वास. वडे नेले होते ते आधी हुंगले, मग खाल्ले, मग विचारलं, "कोण गं तू?"

"तबावा. गिदान राफीची."

"गिदान राफी! माझंच की गाव. मीच नाळ कापली तुझी. आई कोण?"

"हौवा."

"हौवा, हौवा. उंच बाई."

"बुटकी होती."

"बुटकीच म्हणतेय मी. उंच तिची सासू."

आजी उंच होती खरी. मी म्हटलं वय झालंय, जरा इकडचं तिकडे होणारच. बराऊचं सांगितलं. आई चाळीस दिवसांनी गेली ते सांगितलं. ती मान डोलवत होती. "बराऊ! रडका. किती रडायचा गं! मुठी आवळून."

म्हटलं, "इन्ना, नीट आठव. घाई करू नकोस. माझ्या आईने पाजलं त्याला? का दुसऱ्या कोणी?"

ती म्हणते, "बोट कधीय?"

मला राग आला. बोटीचं काय मध्येच! म्हटलं, "एकवीसला. ते राहू दे. पाजलं का?"

तिने माझा हात चाचपून धरला. तिचा हात कसला, खडबडीत लाकूड. म्हणाली, "पाजलं पोरी. एका बाजूला तू, एका बाजूला तो. मी या डोळ्यांनी पाहिलं. जा. तुझा भाऊ आहे तो."

"एकदाच पाजलं का?"

"पोटभर! रोज!"

आणि हसली, दात नसलेलं. कोणाला आनंदाची बातमी दिल्यासारखी. तिच्या नातसुनेने कागदावर लिहिलं, इन्नाने अंगठा उठवला. मला म्हणाली, मक्केत माझ्यासाठीही माग. हो म्हटलं.

परतताना वारा सुटला. धुळीने तोंड माखलं सगळ्यांचं. बरं झालं.

जिल्काद ५

मालमना कागद दिला. एकदाच पाहिला, दुसरा प्रश्न नाही. वही उघडली, लिहिलं — तबावा, बरोबर दूधभाऊ बराऊ. बावीस वर्षं ज्या ओळीसाठी खेटे घातले ती ओळ! एवढीशी असते.

बराऊला त्यांनीच सांगितलं, ओसरीवर. मी लांब उभी होते. त्याने सुई कापडात टोचून ठेवली. मग मागोमाग माझ्या घरी आला, आता मधे चटई लागत नाही म्हणून सरळ आत आला, आणि अंगणात काय करावं ते न कळून उभा राहिला.

"मग बरंच झालं," म्हणाला. "मला कोणी नव्हतं. आता ताई झाली."

इतक्या सहज! मला त्याला झाऱ्याने मारावंसं वाटलं. उरलेली कोलाची बी आणून दिली, म्हटलं, घे तुझी. त्याने ती मोडली. अर्धी मला दिली. "भावाबहिणीने खाल्ली तर चालते की."

खाल्ली. दोघांनी. तीही कडूच.

तो गेल्यावर बघते तर टोपी इथेच विसरलेला. तीन बोटं काम उसवून टाकलेलं होतं. नीटच होतं ते काम. मी पाहिलं होतं.

जिल्काद ८

आता तो घरात जेवतो. मी डोक्यावरचं फडकं काढून वावरू शकते, भावासमोर चालतं. काढलं नाही. त्याने पिंपाला नवं झाकण बसवलं, शेळीचा खुंटा ठोकला. "ताई, दोर कुठाय? ताई, हे कुठे ठेवू?" एका दिवसात किती वेळा ताई म्हणायचं ते याने कुठून शिकून घेतलंय कोण जाणे. प्रत्येक वेळी म्हणताना थोडा थांबतो आधी.

चटईबाहेर होता तेव्हा मला घरात एकटं वाटत नव्हतं. आता हातभर अंतरावर बसून जेवतो आणि वाटतं.

जिल्काद ११

निळं कापड पेटीत तळाशी टाकलं. हजला पांढरं लागतं.

जिल्काद १३

जुम्माई आली. आज घागर नव्हती. बसली, पाय पसरले, माझे वडे खाल्ले, वर म्हणते तेल जुनं आहे. मग मुद्द्यावर आली. "तुझा भाऊ परत आल्यावर इथेच राहणार ना?"

"मला काय माहीत."

"तू मोठी बहीण. तूच बघणार ना त्याचं? एकटा पुरुष किती दिवस राहणार. माझं बोल ना त्याच्याकडे."

"तुझ्या तोंडाचं काय सांगू त्याला?"

"सांग, स्वयंपाक चांगला करते. तोंड त्याला लागेल हळूहळू!" आणि खदखदून हसली. वाईट नाही ती. पाठ दुखते म्हणून मला तीच तेल लावून देते. म्हणूनच तर जास्त राग आला.

बोलले त्याच्याकडे. बहिणीचं कामच ते. तो टाका घालत होता. म्हणाला, "तू म्हणशील तसं, ताई."

म्हटलं, "मी काही म्हणत नाहीये. तिने सांगितलं ते सांगितलं."

"मग तू काही म्हणाली नाहीस तर मीही काही म्हणत नाही." सुई एवढी जोरात ओढली की दोरा तुटला.

दोघं बसून राहिलो. शेळीने त्याची टोपी चघळायला घेतली तेव्हा कुठे उठलो.

जिल्काद १६

हजसाठी सुई टोचून घेतली, आजार होऊ नये म्हणून. दंड सुजलाय. कागदावर फोटो लावलाय माझा, कैद्यासारखी दिसते. शेजारी त्याचा. त्यात तो हसतोय, फोटोवाल्याने नको सांगितलं होतं तरी.

जिल्काद १८

मन वळवलं. मी काय कमी रडले आहे? आणखी थोडं. मन बसलं आता.

खरंच विचार केला तर काय वाईट? आईनेच दिलाय म्हणायचा हा भाऊ. आई माझ्यासाठी एवढं ठेवून गेली आणि मला पन्नाशीच्या दारात कळतंय. त्या पोराचं पोट तिने भरलं, म्हणून आज मी पलीकडे जाणार. आई मला बोटीत बसवतेय, तिच्याही नकळत. हे मनात आलं तेव्हा जरा श्वास आला.

आज तो जेवायला बसला तेव्हा मी फडकं काढून खुंटीला अडकवलं. पिकलेले केस बघून म्हणतो, "ताई, तू तर माझ्याहून म्हातारी!" म्हटलं, तुझा आरसा अबेशेच्या खाटकाकडे राहिला वाटतं. हसलो दोघं. पहिल्यांदा नीट हसलो. भाऊ आहे माझा. खरंच आहे. दूध खोटं बोलत नाही.

जिल्काद २०

शेळी जुम्माईकडे सोपवली. कढईही. चूल विझवली आणि राखेवर पाणी मारलं. बावीस वर्षांत चूल थंड पाहिली नव्हती मी.

वही घेऊन जाणार. मास्तरीण म्हणाली, हजला अराफातच्या मैदानावरही लिही.

जिल्काद २१

धक्क्यावरची पत्र्याची शेड. बायका या बाजूला, पुरुष त्या बाजूला. बोट लागलीय, पांढरी, मला वाटलं होतं तेवढी मोठी नाही. शेजारी बोर्नूकडची एक बाई. विचारते, तुझ्याबरोबर कोण? म्हटलं, दूधभाऊ. "माझाही! सुवाकिनच्या इन्नाने साक्ष दिली. आमच्या गावची सुईण ना ती." म्हटलं, तुमच्या गावची कशी? आमच्या गावची! तर पलीकडची झारियाची बाई तोंडात पदर कोंबून हसायला लागली. "गप बसा गं दोघी. ती सगळ्यांच्याच गावची आहे. दर वर्षी जायचं, नाव सांगायचं, भाऊ घेऊन यायचा. म्हातारी म्हणते, माझ्या जिवात जीव आहे तोवर एकही बाई किनाऱ्यावर राहू द्यायची नाही."

त्या दोघी हसल्या. मीही हसले.

मला काय हवं होतं ते इन्नाने विचारलंच नाही.

तिकडून बराऊ हात करतोय. "ताई, ऊठ! आपली नावं पुकारली!"